आठ स्क्रूंची पाटी

"अक्षर तुमचंच आहे ना?"

"अक्षर माझं असलं तरी निर्णय समितीचा आहे."

"समितीला हात नसतात, साहेब. हा 'निकृष्ट' कुणाच्या हातानं लिहिला, एवढंच विचारतोय."

"ओव्हाळ, तुम्ही बोट दुरुस्त करायला घेतलीय की माझी उलटतपासणी?"

"दोन्ही. बोट आधी."

पुण्याजवळ शिवणे गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं समोरासमोर उभे होते आणि मध्ये ट्रॉलीवर 'नीरजा' होती, पंधरा फुटांची फायबरची बोट. इंजिन उतरवलेलं, मागची बाजू दाराकडे. सुखदेव ओव्हाळच्या हातात एक झेरॉक्स होती. बोट घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून चावी, पट्टे आणि हा कागद असं सगळं एकदमच दिलं होतं. खडकवासल्याच्या काठावर मुलांना नौकानयन शिकवणारा एक छोटा क्लब आहे, त्याच्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त. ठराव क्रमांक चार: 'श्री. सुखदेव ओव्हाळ यांनी पूर्वी केलेल्या निकृष्ट कामामुळे बोटीची मागील फळी कुजली असून...' पुढचं त्यानं वाचलंच नाही.

"हे बघा," क्लबचे चिटणीस बाळ गद्रे म्हणाले. शहात्तरीचे, बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. "लाकूड कुजलं, ही एक वस्तुस्थिती. ते लाकूड तुम्ही घातलंत, ही दुसरी. तिसरी काय लिहायची?"

"का कुजलं, ती."

"अठरा वर्षं झाली. लाकूडच ते, कुजणारच."

"मग निकृष्ट कसं? अठरा वर्षांत तुमच्या बँकेनं तीनदा नाव बदललं."

गद्र्यांच्या ओठांची एक बाजू हलली, पण हसू काही आलं नाही. "वाद नको. बाहेरून फायबरचे चार थर मारा आणि पंधरा दिवसांत द्या. उघडत बसू नका."

"आत चिखल आणि वरून चार थर? पन्नास किलोचं इंजिन टांगायचंय तिच्यावर. एक दिवस फळीसकट इंजिन तळाला जाईल आणि बोट तशीच राहील. पोरं पाण्यात असताना."

गद्र्यांनी तोंड फिरवलं आणि रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला. शेवटचं वाक्य नको होतं, हे सुखदेवला रिक्षा वळेपर्यंत कळलं होतं. गद्र्यांचा आमोद एकोणिसाव्या वर्षी त्याच धरणात बुडाला. तेव्हा काठावर इंजिनाची बोट नव्हती. वर्षाच्या आत नवरा-बायकोनं ही जुनी बोट मिळवली, मागची फळी सुखदेवकडून नवी करून घेतली आणि क्लबला दिली. तेव्हापासून दर रविवारी मुलं पाण्यात असली की 'नीरजा' शेजारी उभी असते.

फायबरची बोट म्हणजे अख्खी फायबरची, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्या पोटात लाकूड असतं. बाहेरून फायबर, आतून फायबर, मध्ये प्लाय. इंजिनाचे बोल्ट आवळले की नुसतं फायबर चिरडेल. आवळणं सोसायला लाकूडच लागतं. सुखदेवच्या जुन्या कारखान्यात तिला ट्रान्सम म्हणायचे. सुखदेव 'ट्रान्झम' म्हणतो, आणि आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो उच्चार सुधारायची त्याची इच्छा नाही.

त्याचे वडील खडकीच्या कारखान्यात हमाल होते. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि पहिली गोष्ट केली ती सही शिकण्याची. मग त्यांना नाद लागला. ट्रंकेवर नाव, छत्रीच्या दांड्यावर नाव, तव्याच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेलं नाव. शेजारी हसायचे, "दौलतराव, भाकरीवर उमटतंय हो!" वडील म्हणायचे, "उमटू द्या. पोरांच्या पोटात जाऊ द्या."

पोराचं मात्र उलटं झालं. सुखदेव भोसरीच्या एका कारखान्यात साच्यांवर लागला, तो कारखाना बंद पडल्यावर त्यानं ही शेड घेतली, आणि चाळीस वर्षं जे केलं त्यावर त्याचं नाव कुठंच नाही. बागेतल्या घसरगुंड्या, हत्तीच्या तोंडाचे कचऱ्याचे डबे, गणपती मंडळांचे संगमरवरी वाटणारे खांब. बुद्धाच्या मूर्ती तर किती, त्यानं मोजल्या नाहीत. विहारातल्या मूर्तीखाली दात्याचं नाव असतं, उद्‌घाटन करणाऱ्याचं असतं. घडवणाऱ्याचं असलंच तर मूर्तीच्या पोकळ पाठीत, पेन्सिलीनं, तारखेशेजारी दोन अक्षरं. ही कारखान्याची सवय, माल कुठल्या घाण्यातला ते कळावं म्हणून. बदल्यात त्याला काचेच्या धाग्यांची खाज मिळाली, जी तेल लावलं तरी जात नाही, आणि एक खोकला मिळाला, ज्याचं नाव डॉक्टर दर वेळी वेगळं सांगतात.

आणि आता पहिल्यांदा नाव कागदावर आलं. पूर्ण नाव, 'श्री.' लावून. शेजारी 'निकृष्ट'.

दुसऱ्या दिवशी त्यानं हातोडीच्या लाकडी दांड्यानं फळी ठोकून पाहिली. उजवीकडे टक, टक. इंजिनाच्या जागी टक. डावीकडे सरकला तसा आवाज बसला, थप, थप, गादीवर मारल्यासारखा. डाव्या अंगाला बाहेरून आठ भोकं होती, चार वर, चार खाली. तिथं पाटी होती हे त्याला आठवत होतं. पितळी पाटी, गद्रेबाईंनी लावलेली. पण त्यानं फळी करून दिली तेव्हा ती भोकं नव्हती.

तोंडाला फडकं बांधून त्यानं ग्राइंडर धरला आणि आतल्या बाजूची कातडी कापली. बाहेरची तशीच ठेवायची, बोटीचा घाट तिच्यावर टिकतो. फायबरचा पापुद्रा पहारीनं उचलला आणि आतून काळं पाणी निघालं, मुरलेल्या गोणपाटाच्या वासाचं. प्लाय भिजलेल्या पावासारखं हाताला आलं. उजवीकडे मात्र पटाशी लावावी लागली. इंजिनाच्या बोल्टांची भोकं त्यानं त्या वेळी पाणी शिरू नये म्हणून रेझिन भरून, सुकवून, मग पुन्हा पाडली होती. त्यांच्याभोवतीचं लाकूड पिवळंधमक, कोरडं. खालच्या कोपऱ्यात पेन्सिल स्पष्ट दिसत होती: १४-५-०७, सु. ओ.

कुजकेपण त्या आठ भोकांपासून निघालं होतं. प्रत्येक भोकाभोवती एक काळं वर्तुळ, वर्तुळं एकमेकांत मिसळलेली, तिथून खाली ओघळलेली. चौथीतल्या पोरालाही नकाशा वाचता आला असता. एका भोकात काहीतरी अडकलेलं होतं. त्यानं चिमट्यानं ओढलं. काडेपेटीची काडी. टोकाला गुल तसाच, फुगलेला, तपकिरी.

तो काडी हातात धरून खाली बसला, तेवढ्यात फोन वाजला.

"सुखदेव, मी सुनीती गद्रे बोलतेय. पाटी माझ्याकडे आहे बरं का. बोटीत शोधत बसाल म्हणून सांगितलं."

"बरं झालं सांगितलंत, बाई." बाईंनी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे सगळेच त्यांना बाई म्हणतात.

"दर वर्षी काढते मी. नऊ जानेवारीला, वाढदिवस असतो ना त्याचा. चिंच लावते, राखेनं घासते, परत लावते. हे म्हणतात, जागेवरच पूस. जागेवर कडा निघतात का? मुलाला आंघोळ घालायची तर कपडे काढायलाच लागतात."

"बरोबर आहे."

"तुम्ही पाहिलीय ना पाटी? 'चि. आमोदची बोट'. बुधवार पेठेतला पाटीवाला म्हणाला, बाई, 'कै.' हवं ना, आणि खाली 'स्मरणार्थ'? म्हटलं, मुलगा माझा की तुमचा? 'चि.' घाला आणि गप्प बसा."

सुखदेवनं काडी पायाशी ठेवली. "बाई, स्क्रू नीट बसायचे का?"

"आधी बसायचे. मग नुसतेच फिरायला लागले. चार वर्षांपूर्वी ह्यांनी भोकांत काडेपेटीच्या काड्या कोंबल्या, तेव्हापासून घट्ट. यंदा काढली तर स्क्रूमागून पाणी आलं, तांबूस. हे म्हणाले, दव असेल." त्या थांबल्या. "का हो? त्यानं काही बिघडलंय का?"

"नाही," तो म्हणाला. "आवाज तुटतोय, बाई. मग करतो."

पुढचे दहा दिवस त्यानं काम केलं, आणि असं काम हातून रोज होत नाही. कुजकं सगळं खरवडून आतलं फायबर घासून पांढरं केलं. मोठे दिवे लावून बोटीची पाठ चार दिवस वाळवली, हात लावून, गाल लावून ओल बघितली. पुठ्ठ्याचा साचा कापून तो बसेपर्यंत तीनदा छाटला. मरीन प्लायचे दोन तुकडे, अठरा मिलीमीटरचे, एकावर एक. पुण्यात कुठल्याही दुकानात 'मरीन' मागितलं तर न्हाणीघराच्या दाराचं प्लाय देतात. त्यानं दुकानातच टवका काढून पाहिलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, लग्नाला मुलगी बघताय का?" तुकड्यांच्या कडांना रेझिन पाजलं, पुरे म्हणेपर्यंत. मग काचेच्या धाग्यांचं मॅट, रेझिन, तुकडे दाबून बसवले, बारा शिकंजे आवळले. कोपऱ्यांत लांबी भरून गोलाई दिली, कारण काटकोनात फायबर वळत नाही, पोकळी धरतं. वरून पुन्हा थर. त्या डाव्या अंगाची आठ भोकं त्यानं बाहेरून बुजवली आणि घासली, इतकी की हात फिरवला तरी लागणार नाहीत.

हात चालू असताना डोकं एकाच ठिकाणी फिरत होतं. खरं सांगावं तर 'निकृष्ट' जातो. पण तो जायचा म्हणजे त्या बाईंना सांगायचं, की तुमच्या पोराच्या नावानं उभी असलेली बोट तुम्हीच कुजवलीत, दर वाढदिवसाला थोडी थोडी.

"मग नका सांगू," त्याची बायको कांताबाई म्हणाली. सकाळची वेळ, ती गॅलरीत त्याचे कामाचे कपडे झटकत होती. ते ती कधीच घरच्या कपड्यांत मिसळत नाही. "राहू द्या तिथं तो शब्द. कोण वाचतंय त्यांचं ते इतिवृत्त?"

"मी वाचलं."

"तुम्ही वाचलं म्हणून तर रोज अर्धी भाकरी परत जातेय." तिनं पँट जोरात आपटली. "आपल्या पूर्वाच्या शाळेच्या दाखल्यावर तुमचं नाव 'सुकदेव' पडलं होतं, आठवतं? 'ख'चा 'क' झाला म्हणून सहा वेळा शाळेत गेला होतात. एका अक्षरासाठी. आणि इथं?"

"तिथं कुणाचं पोर गेलेलं नव्हतं, कांता."

"गेलेलं पोर मध्ये घालून तुमचं नाव खाली ठेवलंय त्यांनी. हे तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. दवाखान्यात तीस वर्षं आया होते मी. चूक मोठ्या माणसाची असली की कागदावर कुणाचं नाव येतं, माहितीय मला."

तिनं चहाचा कप त्याच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

सोमवारी अकराच्या सुमारास तो नारायण पेठेत गद्र्यांच्या दुसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा त्यानं मनाशी एक मधली वाट काढली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुन्या फळीचा तुकडा होता. दार गद्र्यांनीच उघडलं आणि आवाज खाली आणला.

"फोन करायचात. मी आलो असतो शेडवर."

"फळी झाली. परवा इंजिन चढवा. दोन गोष्टी राहिल्यात, पाटी आणि कागद."

"कागदाचं मी बघतो. 'निकृष्ट' काढू. 'कालमानानुसार कुजली' असं लिहू. झालं समाधान?"

"काळानं नाही कुजली. अर्धी फळी आजही ठणठणीत आहे. 'पाणी शिरल्यामुळे' एवढंच लिहा. बाकी मी काही मागत नाही."

"आणि समितीनं विचारलं, कुठून शिरलं?"

"ते तुम्हाला माहितीय."

"हळू बोला." गद्र्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "माझं प्रत्येक इतिवृत्त ती तपासते. हे लिहिलं की ती विचारणार. शपथेवर सांगतो ओव्हाळ, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. कुणाचं तरी नाव घालायला हवं होतं."

"आणि माझंच सापडलं."

"तुमचं कोण काय वाकडं करणार होतं त्यानं? तुम्हाला क्लबात कोण ओळखतं?"

हे ते दुष्टपणानं नाही म्हणाले. समजावणीच्या सुरात म्हणाले. सुखदेवनं काढलेली मधली वाट तिथंच संपली.

"मी तपासलं होतं ते," दारातून आवाज आला. सुनीतीबाई ओले हात पदराला पुसत उभ्या होत्या. "ह्यांनी 'नि' दीर्घ काढला होता. मी ऱ्हस्व केला. एवढंच केलं मी, सुखदेव. तुमच्याबद्दल लिहिलंय, खरं आहे का, हे विचारलंच नाही. बसा ना, उभे का?" त्या स्वतःही बसल्या. "आता सांगा. कुठून शिरलं पाणी?"

"सुनीती, आधी चहा..."

"तुम्ही थांबा हो."

सुखदेवनं वर्तमानपत्र उलगडून तुकडा टीपॉयवर ठेवला. आठांतली तीन भोकं त्यात होती. त्यानं सांगायला सुरुवात केली ती लाकडापासून, जसं कुणाही गिऱ्हाइकाला सांगितलं असतं. पाणी कसं चढतं, प्लायच्या थरांत कसं पसरतं. बाई ऐकत होत्या. तुकड्यावरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. काळा भुसा बोटाला लागला.

"स्क्रूंमुळे? की दर वर्षी काढत होते त्यामुळे?"

इथं थांबता आलं असतं. नुसतं 'स्क्रूंमुळे' म्हटलं असतं तरी ते अर्धं खरं होतं.

"एकदाच लावले असते, भोकांत रेझिन भरून, तर काही झालं नसतं," तो म्हणाला. "काढल्यामुळे, बाई."

त्यांनी मान हलवली, वर्गात मुलाचं उत्तर ऐकून हलवावी तशी. मान बराच वेळ हलत राहिली. शेजारच्या स्टुलावर पाटी होती, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"कधीपासून?"

"काळं पडायला पहिली पाच-सहा वर्षं. पुढं भराभर."

"म्हणजे ह्यांनी काड्या घातल्या तेव्हा?"

"तेव्हा आत लाकूड नव्हतंच. भुसा होता."

"अहो," त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "काडी कोंबताना हाताला लागलं असेल ना तुमच्या? लाकडात काडी एवढी सहज जाते?"

"मला वाटलं, वरवरचं असेल."

"आणि तांबूस पाणी दव होतं."

"तू दर वर्षी जानेवारीची वाट बघायचीस सुनीती, तुझ्याकडून ते काढून घेऊ मी?" गद्र्यांचा आवाज फाटला. "वर्षातून एकदा तुझे हात शांत दिसायचे."

"चार वर्षं," बाई म्हणाल्या. "दर रविवारी वीस-वीस मुलं त्या पाण्यात. आणि त्यांच्याजवळ उभी असलेली बोट अशी." त्यांनी भुसा लागलेलं बोट वर धरलं. "आपल्या वेळी बोट नव्हती. ह्या मुलांच्या आयांना वाटत होतं, आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. सुखदेवला उठावंसं वाटलं. जे मागायला आलो होतो ते आता मागायचं कसं, हे त्याला कळेना. आणि न मागता जायचं, तर मग ह्या बाईंना हे सगळं ऐकवलं कशासाठी?

बाईंनीच ते मागितलं. कपाटावरून त्यांनी इतिवृत्ताची वही काढली, बांधीव, लाल पाठीची, आणि ठराव क्रमांक चारचं पान उघडून नवऱ्यासमोर धरली. वर पेन ठेवलं.

"ह्यांचं नाव खोडा. आणि तिथं काय लिहायचं ते लिहा. माझं नाव लिहिणार की तुमचं?"

गद्र्यांनी वही घेतली नाही.

"बोला ना. काय लिहिणार?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि खिशात ठेवला. मग दाराशी गेले, वाकून चपला सरळ केल्या, घातल्या. सुखदेव उठून उभा राहिला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. दार उघडं टाकून ते जिना उतरायला लागले, कठड्याला धरत, एक-एक पायरी.